जॉर्जियाच्या ग्रिट्सला रोटोटुनाची फोडणी

माझी फजिती ऐकायचीच आहे ना? मग चहा ओता, पण मध्येच हसायचं नाही. कारण त्या दिवशी मी जाम ऐटीत होतो!

न्यूझीलंडमध्ये, हॅमिल्टनला आमचा एक हौशी इतिहासक्लब होता. विषय काय, तर यादवीच्या आधीची अमेरिका! कापूस, गुलामगिरी, घोडागाड्या आणि वाटेवरच्या खानावळी. सगळे किवी, आणि त्यांत पुण्याचा मी एकटा. तेव्हा डायल-अपवर एक पान उघडेपर्यंत चहा उकळून व्हायचा. तरी उत्तरेकडच्या खानावळीत काय वाढायचे आणि दक्षिणेकडच्या खानावळीत काय, हे मला झोपेतून उठवून विचारा! पुढचा अध्यक्ष मीच, हे मी धरूनच चाललो होतो. फक्त वार्षिक जेवणात छाप पाडायची बाकी होती.

"दक्षिणेचे ग्रिट्स मी आणतो," मी जाहीर करून टाकलं.

ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्यांची घट्ट पेज हो. पण हॅमिल्टनच्या टोकाला, आमच्या रोटोटुनात तसल्या कण्या मिळतायत कुठे? घरात रवा होता. म्हटलं, इतिहासाला काय कळतंय! शिजवला, चाखला... शी! आजाऱ्याचं जेवण! पुण्याचा माणूस असलं काही लोकांना घालेल? दिली फोडणी!

"मी करू का?" बायको, वैशाली, म्हणाली. "निदान मिरच्या तरी नीट परत."

"हा इतिहास आहे. तुला नाही कळायचा."

हॉलमध्ये मार्गारेट, आमच्या अध्यक्षबाई, ताटलीत डोकावल्या. "हे काळे दाणे कसले रे?"

"मोहरी. दक्षिणेत घालायचेच!"

"आणि ही पानं?"

"कॅरोलायनाच्या रानातली."

"शेंगदाणे?"

"ते तर तिकडचेच!" एक तरी खरं बोललो.

"स्वीट ॲज!" असं खास किवी 'झकास' म्हणत बाईंनी अख्खा हॉल गोळा केला. वैशाली छताकडे बघत होती.

आणि बाईंनी त्यांचा पाहुणा पुढे आणला. अर्ल. थेट अमेरिकेच्या दक्षिणेतून, जॉर्जियाहून आलेला! अर्लने एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. पुन्हा वाढून घेतलं.

"अगदी असंच!" तो म्हणाला. "आमच्या हायवेवरच्या मोटेलात रोज नाश्त्याला हेच असतं."

मी टेबलावर थाप मारली. "ऐकलंत? दीडशे वर्षांची परंपरा!"

"दीडशे? मिसेस पटेलनी ते मोटेल आत्ता आत्ता तर घेतलंय. त्या याला उपमा म्हणतात."

हॉल खो खो हसायला लागला. पण खरं सांगू? माझी छाती फुगलीच! आपला उपमा थेट अमेरिकेच्या हमरस्त्यावर! मी मान ताठ करून म्हणालो, "मग? आमचा उपमा आहेच तसा!"

"आहे ना," अर्ल तोंड पुसत म्हणाला. "फक्त मिसेस पटेल मिरच्या नीट परततात."

अध्यक्षपद बाईंकडेच राहिलं. दक्षिणेचे ग्रिट्स मात्र पुढे दरवर्षी आमच्याच घरून गेले. करायची वैशाली. मी शेजारी उभा राहून, ती 'झाल्या' म्हणेपर्यंत मिरच्या परतायचो.