उसन्या आवाजाची मालकीण

नटीचा आवाज कसा आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे, ठाऊक आहे असं सगळ्यांना वाटत होतं. पडद्यावर ती बोलायला लागली की थिएटरात शिट्ट्या पडत, पोरं तिचे संवाद पाठ म्हणत, आणि तो आवाज मुळात दुसऱ्याच एका बाईचा होता. ही बाई बसडेपोच्या मागच्या गल्लीत राहायची, भाजीवाल्याशी त्याच आवाजात घासाघीस करायची, पण त्याने कधी मान वर करून पाहिलं नाही. लोकांना चेहरा दिसल्याशिवाय आवाजसुद्धा ऐकू येत नाही, त्याला कोण काय करणार? स्टुडिओत तिला आवाजबाई म्हणत. आपणही तेच म्हणू.

आवाजबाईचं काम काचेच्या खोलीत. कानाला हेडफोन लावायचे, समोरच्या पडद्यावर नटीच्या ओठांकडे टक लावून बघायचं, ते उघडले की आपण बोलायचं, ते मिटले की गप्प. नटीचा स्वतःचा आवाज किनरा, भराभर बोलली तर अडखळणारा. पहिल्या चित्रपटाच्या वेळी तो ऐकून निर्मात्याने कपाळाला हात लावला होता, तेव्हापासून आवाजबाईचं पोट या कामावर चाललेलं. मात्र हे काम आपण करतो हे बाहेर कुठे बोलायचं नाही, अशी करारात अट होती. श्रेयनामावलीत चहावाल्याचं नाव यायचं, हिचं नाही. नटी कधी स्टुडिओत समोर आली, तर दोघी जरा ओशाळून हसायच्या, एकाच समारंभाला सारखेच कपडे घालून आल्यासारख्या.

मग सरकारने नवा कायदा आणला. सरकारच्या निर्णयाविरुद्ध चारचौघांत बोलायचं तर आधी परवानगी काढायची. कॉलेजच्या मुलामुलींनी परवानगी न काढता मैदानात ठाण मांडलं आणि पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी नटी तिथे गेली, मुलांच्यात मांडी घालून बसली आणि माईकवर म्हणाली, की या मुलांना मारलं हे चूक झालं, हा कायदा मागे घ्या. एवढंच बोलली, पण स्वतःच्या आवाजात बोलली.

तो व्हिडिओ घरोघरी पोचला आणि एकच गोंधळ उडाला. सरकारच्या बाजूचे म्हणाले, नटी विकली गेली. कालपर्यंत तिची पोस्टरं घरात लावणाऱ्यांनीच ती चौकात फाडली. मग त्यांच्यातल्या कुणाला तरी शक्कल सुचली: हा आवाज तिचा नाहीच, व्हिडिओ बनावट आहे. झालं, जो तो कानांची साक्ष द्यायला लागला. विरोधकांना नटी आयती मिळाली होती, त्यांनी तिला डोक्यावर घेतलं, पण त्या किनऱ्या आवाजाने त्यांचीही पंचाईत झाली. त्यांनी तिचा मैदानातला चेहरा घेतला आणि त्याला चित्रपटातले संवाद चिकटवले. ती बिचारी काय म्हणाली, याच्याशी दोघांनाही देणंघेणं नव्हतं.

आवाजबाईचा नवरा डेपोत मेकॅनिक आणि सरकारचा कट्टर माणूस. खरं काय ते त्याला घरबसल्या माहीत होतं. तरी तो जेवता जेवता डाव्या हाताने तोच व्हिडिओ ‘बनावट’ म्हणून मित्रांना पाठवत होता. आवाजबाईने त्याला विचारलं, की अहो, तुम्हाला तर माहितीये ना तो खरा आहे. त्यावर तो म्हणाला, माहितीये, पण पक्षाचं वेगळं असतं. तिला हसावं की ताट उचलून न्यावं ते कळेना.

तेवढ्यात निर्मात्याच्या मॅनेजरचा फोन आला. नवा चित्रपट लागायचा होता आणि सरकारच्या बाजूच्या लोकांनी एकही खेळ होऊ देणार नाही असा दम भरला होता. नटी अजून मैदानातच बसून होती, माघार घ्यायला तयार नव्हती, फोनही उचलत नव्हती. आवाजबाईने फक्त स्टुडिओत येऊन तीन वाक्यं वाचायची होती: माझी दिशाभूल झाली, त्या व्हिडिओतला आवाज माझा नाही, त्या गर्दीशी माझा काही संबंध नाही. लोक हाच आवाज नटीचा मानतात, तेव्हा काम चोख होईल, असं मॅनेजर म्हणाला. आणि जमणार नसेल तर तसं सांगा, दुसरी एक मुलगी ऐकून ठेवलीये, असंही त्याने फोन ठेवता ठेवता सुनावलं.

दुसरं कुठलं काम आवाजबाईला येत नव्हतं, आणि दुसऱ्या कुठल्या कामावर तिचा एवढा जीवही नव्हता. नवरा म्हणाला, टाक वाचून, नटीचं काय जातंय, तिच्याकडे बंगला आहे, हातचं काम तुझं जाईल. यात खोटं काही नव्हतं, म्हणून ती जास्तच चिडली.

ती गेली. काचेच्या खोलीत उभी राहिली, हेडफोन लावले. समोरचा पडदा कोरा होता.

“यांचे ओठ कुठेत?” तिने विचारलं.

बाहेरून मॅनेजर म्हणाला, “ओठ नाहीयेत हो. नुसता आवाज द्यायचाय.”

ती त्या कोऱ्या पडद्याकडे बघत राहिली. नटी पडद्यावर रडली तेव्हा ती रडली होती, नटीने शिव्या दिल्या तेव्हा तिने दिल्या होत्या. पण नटीचे ओठ उघडण्याआधी ती एक अक्षर बोललेली नव्हती. या धंद्यात त्याला चूक म्हणतात, टेक पुन्हा घ्यावा लागतो. आणि हे शहाणे तिला अख्खी माफी मागायला सांगत होते.

“त्या जे बोलल्या, त्याला मी आवाज दिला,” ती म्हणाली. “जे त्या बोलल्याच नाहीत, ते त्यांच्या तोंडी घालायला मी नाही आले. करा दुसरीला फोन.”

तिने हेडफोन खुंटीला लावले. मॅनेजर करार, अट, वकील असं काय काय म्हणत दारापर्यंत मागे आला. रेकॉर्डिंग करणाऱ्या काकांनी न विचारता मशीन बंद करून टाकलं.

तिथून ती तडक मैदानात गेली. कठड्यापलीकडे सरकारच्या बाजूची गर्दी “बनावट, बनावट” ओरडत होती. आणि अलीकडे चार उत्साही पोरं नटीला गळ घालत होती, मॅडम, एक तो डायलॉग मारा ना, म्हणजे यांची तोंडं बंद होतील. नटी खाली मान घालून बसली होती. आवाजबाई तिच्याजवळ जाऊन टेकली आणि हळूच म्हणाली, की मी सगळं सांगून टाकते, पण तुमचंही बिंग फुटेल.

“फुटू दे,” नटी म्हणाली. “माझा खरा आवाज हाच, हे कळल्यावर ही पोरं जातात की राहतात, बघू तरी. घ्या माईक.”

आवाजबाई बोलायला लागली आणि दोन्हीकडच्या माना आधी नटीकडे वळल्या. नटीचे ओठ मिटलेले होते.

“चित्रपटात ऐकता तो आवाज माझा,” आवाजबाई म्हणाली. “व्हिडिओत बोलल्या तो यांचा. बनावट म्हणायचंच असेल तर मला म्हणा. आणि आता माझं स्वतःचं सांगते, हे मला कुणी लिहून दिलेलं नाही. हा कायदा मलाही मान्य नाही. मी परवानगी घेतलेली नाही आणि घेणारही नाही.”

टाळ्या पडल्या त्या थोड्याच. कठड्यापलीकडच्यांना पुढची घोषणा सुचेना, आणि अलीकडची पोरं हिरमुसली, म्हणजे इतकी वर्षं आम्हाला फसवलंत का, म्हणून. दोघी शेजारी शेजारी बसून राहिल्या. पोरांतली बरीचशी उठून गेली नाहीत, एवढं मात्र खरं.

ती घरी पोचली तेव्हा टीव्हीवर तिचाच चेहरा होता आणि खाली पट्टी फिरत होती, की ही बाई भाड्याने आणलेली नकलाकार आहे. नवऱ्याचा फोन वाजला. त्याच्या पक्षाचा गटप्रमुख होता. नवऱ्याने ऐकून घेतलं, फोन छातीशी दाबून धरला आणि बायकोकडे वळला.

“ते म्हणतायत, माझी दिशाभूल झाली एवढं म्हणून टाक. प्रकरण मिटवतो म्हणतायत.”

“त्यांना सांगा,” ती म्हणाली, “मी बोलले ते माझ्या तोंडाने बोलले. ते बदलून हवं असेल, तर माझा आवाज काढणारी एखादी शोधा म्हणावं.”

नवऱ्याने फोन पुन्हा कानाला लावला.

“नाही म्हणतेय,” तो म्हणाला. “नाही, तिचं मलाही पटलेलं नाही. पण ते बनावट-बिनावट बंद करा आता. आवाज तिचाच आहे. या घरात मी रोज ऐकतो.”

पलीकडचा बोलत असतानाच त्याने फोन ठेवून दिला.