मधला कोरा रकाना

मंडळी, आज दुपारी उस्मानपुऱ्यात माझ्या समुपदेशन केंद्रात घडलेलं सांगते. ज्या नवरा-बायकोबद्दल आहे, त्या दोघांची परवानगी घेतली आहे, गाव मात्र बदललंय.

करमाडकडचे एक गृहस्थ रागाच्या त्रासासाठी येतात. मागच्या वेळी मी त्यांना वहीत तीन रकाने आखून दिले होते: काय घडलं, मनात काय आलं, मग काय केलं. राग चढण्याआधी मनात एक विचार येऊन जातो. तो पकडायची सवय लागावी, एवढाच हेतू.

आज वही भरून आली. अक्षर इतकं नेटकं की मी विचारलं, "तुम्हीच लिहिलं ना?"

"नाय मॅडम, हिनं. हिचं अक्षर चांगलं हाय."

बायको शेजारीच बसली होती. पहिला रकाना भरलेला: गाडीची किल्ली सापडली नाही, भाजीत मीठ कमी पडलं. शेवटचाही भरलेला: दार आपटलं, ताट सरकवलं, दोन दिवस अबोला. मधला सगळा कोरा.

"हा का सोडला?"

"ते मला कसं कळणार?" ती म्हणाली.

गृहस्थांनी वही ओढून घेतली आणि माझ्याकडं पेन मागितलं. किल्लीच्या ओळीत, मधल्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'माझं कुणी ऐकत नाय.' वही माझ्याकडं न देता बायकोपुढं ठेवली.

तिनं वाचलं. म्हणाली, "तुमी सांगितलंच नाय, तर ऐकू काय?"

तुमची वही घरातल्या कुणाला लिहायला दिली, तर मधला रकाना भरेल का?