तन्वी कोणाकडे राहते

मी निघाले त्या संध्याकाळी आमच्या आळीत हळद होती. आम्हा आगरी लोकांत हळद लग्नापेक्षा मोठी. शीळफाट्यापर्यंत ऐकू जाईल असा डीजे, मांडवात सगळं गाव. माझ्या आईने चार वर्षांच्या तन्वीला, म्हणजे माझ्या मुलीला, नवा परकर नेसवला आणि मांडवात नेऊन सोडलं. "ती नाचते तवर तू निघ," आई म्हणाली. "रडत कुनाला पाठवायचं नाय." गाडी फाट्यावर ट्रेलरच्या रांगेत अडकली, तेव्हाही मागून ती गाणी ऐकू येत होती. विमानतळ येईपर्यंत मी रडले नाही. पण काच खाली-वर करत राहिले, ड्रायव्हर वैतागेपर्यंत.

निघावं का लागलं, तेही सांगते. गावात ज्यांच्या जमिनी रस्त्यात आणि टॉवरांत गेल्या त्यांनी बंगले बांधले, गेटवर सोनेरी अक्षरांत आईवडलांची नावं लावली. आमच्या आजोबांनी जमीन भाव येण्याआधीच विकलेली. आमचं घर पत्र्याचंच राहिलं. बाबा डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात होते. कारखाना बंद पडला आणि थोड्याच वर्षांत बाबाही गेले. मग आई टोपली घेऊन डोंबिवलीच्या बाजारात भाजी विकायला बसू लागली. भाजी उरली की आमच्याकडे दोन्ही वेळेला तीच. त्या टोपलीवर मी बी.कॉम. झाले. आमच्या घराण्यात कॉलेज पूर्ण केलेली पहिली मीच, आणि हे मी न विचारताही सांगते. तन्वीचे वडील आहेत, पण त्यांच्या घरी. त्यांचा विषय इथे नको. मी तान्ह्या मुलीला घेऊन आईकडे परत आले, ठाण्यात वर्तकनगरच्या एका हॉस्पिटलात बिलिंगला लागले, रुग्णसेवेचा कोर्स केला आणि एजन्सीमार्फत आयर्लंडच्या एका छोट्या गावात, वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये, केअर असिस्टंट म्हणून गेले.

शेजारची काकू आईला म्हणालेली, पोरगी एवढी शिकली आणि म्हाताऱ्यांचे लंगोट बदलायला गेली. आईने तिला उत्तर दिलं ते मला फोनवर जसंच्या तसं ऐकवलं: "तुझा बदलायची येळ येल ना गो, तवा माझ्या पोरीलाच बोलवशील." काम तेच होतं. अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं. मला त्याची लाज कधी वाटली नाही. त्रास वेगळाच होता. दुसऱ्यांच्या आयांचे केस विंचरताना हात चालायचे आणि डोकं डोंबिवलीच्या शाळेच्या गेटवर असायचं. तिकडे शाळा सुटली असेल. आईला रिक्षा मिळाली असेल का? डबा संपवला असेल का? शिफ्ट संपली तरी मी बसायची नाही. खोलीवर येऊन धुतलेले कपडे पुन्हा घड्या घालायची.

माझ्याबरोबर डोरोटा काम करायची. पोलंडची. तिची दोन्ही मुलं तिकडे तिच्या आईकडे, अगदी माझ्यासारखंच. एकदा चहा पिताना तिने सहज सांगितलं की इथलं सरकार मुलांसाठी दरमहा भत्ता देतं आणि तिची मुलं पोलंडमध्ये असूनही तो तिला मिळतो. तू पण टॅक्स भरतेस, अर्ज कर, ती म्हणाली. मला भिकेची सवय नाही, पण हा हक्क होता. माझ्या पगारातून कर कापताना कोणी विचारलं नव्हतं की तुझी मुलगी कुठल्या देशात झोपते.

अर्जात एक प्रश्न होता: मूल तुमच्याबरोबर राहतं का? मी 'हो'वर खूण केली. एक क्षणही थांबले नाही. रेशन कार्डावर आम्ही तिघी एकत्र, आई, मी आणि तन्वी. आमच्याकडे कामाला गेलेला माणूस घर सोडत नाही, तो फक्त घरी नसतो. वर्षानुवर्षं बोटीवर असलेल्या माणसाचीही बायकापोरं त्याच्याबरोबरच राहतात असं गाव धरून चालतं. मी त्याच हिशेबाने उत्तर दिलं आणि सोबत डोंबिवलीच्या शाळेचा दाखला जोडून मोकळी झाले.

पुढच्या महिन्यात मला भत्त्याच्या ऑफिसातून बोलावणं आलं. समोर माझ्याच वयाची बाई होती, सौम्य बोलणारी. तिने विचारलं, मुलीला शेवटचं कधी पाहिलं. मी म्हटलं, आज सकाळीच, तिची वेणी घालत होते. म्हणजे व्हिडिओवर आईला सांगत होते, इकडून घे, तिकडून घट्ट कर. प्रत्यक्ष कधी, तिने विचारलं. मला 'गेल्या वर्षी गणपतीत, रजेवर गेले तेव्हा' एवढंच इंग्रजीत सांगायचं होतं, ते जमेना. मग तिने समजावलं. युरोपातल्या देशांचा आपसात करार आहे, म्हणून डोरोटाची मुलं मोजली जातात. भारताशी तसा करार नाही. आणि तुम्ही लिहिलंय की मूल तुमच्याबरोबर राहतं. ही माहिती चुकीची ठरते. लेखी खुलासा द्या.

चुकीची माहिती. माझं कामाचं परमिट नूतनीकरणाला आलं होतं. तन्वीला इकडे आणायचं तर त्याच परमिटवर आणि तेव्हाच्याहून मोठ्या पगारावर. मी खोटी ठरले तर मुलगी कायमची तिकडेच. मी आईला फोन केला आणि तणतणले. म्हटलं, ह्यांना घर कळत नाही, आपण एकच नाही का, माझं घर तेच नाही का.

आई मग म्हणाली, "त्यांनी इचारलं ते बरोबरच हाय. पोर माझ्याकडं राते. तुझ्याकडं नाय. तसंच लिहून दे."

मी म्हटलं, अगं आई, असं काय बोलतेस.

"काय बोलू? ती आता मना आई बोलते नि तुला नावानं. मी शिकवलं नाय, ती आपली आपन शिकली. मना गोड लागतं गो. म्हणून सांगते, लवकर ने तिला."

मी तसंच लिहून दिलं. अर्ज नामंजूर झाला, पण गैरसमजातून झालेली चूक म्हणून प्रकरण तिथेच मिटलं. परमिट वाढलं. त्या नियमावरचा माझा राग मात्र आजही गेलेला नाही. माझी आई डोरोटाच्या आईइतकीच दमते. डोरोटानेही, तिच्या खात्यात पैसे जमा होत असूनही, मान खाली घालून हेच म्हटलं. पण आईचं वाक्य रागापेक्षा जड होतं. मी सीनियर केअरची परीक्षा दिली, दुसऱ्या मोठ्या होममध्ये सीनियर म्हणून लागले, तन्वीच्या वडलांकडून संमतीची सही घेतली, आणि पगार नियमात बसला त्याच आठवड्यात तिच्या व्हिसाचा अर्ज केला.

तिला आणायला मी गेले तेव्हा आईने तिचे सगळे कपडे इस्त्री करून ठेवले होते, लहान झालेलेसुद्धा. आळीत त्या दिवशी काहीच नव्हतं. तन्वी रडली, आई रडली नाही. आईला इकडे ये म्हणते, तर ती म्हणते तिथं माझी भाजी कोन घेनार. आता ती एकटी आहे. फोन लागला नाही की मी तिथलं हवामान बघते, वीजपुरवठ्याच्या बातम्या बघते, मग काकूला फोन लावते. हो, त्याच काकूला.

जे निघालेत आणि ज्यांनी मागे राहून त्यांची पोरं सांभाळली, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आपण म्हणतो घर एकच असतं. मीही छातीठोकपणे म्हणायचे. आता म्हणत नाही. घर म्हणजे रोज संध्याकाळी कोण कोणाची वाट बघतं ते, आणि त्या हिशेबाने मी एक घर उभं करताना दुसरं रिकामं केलं. दोन्ही खरं आहे, त्यामुळे चैन पडत नाही.

तन्वी सात वर्षांची आहे. माझ्याबरोबर राहते, इथल्या शाळेत जाते, तिचा भत्ता सुरू झाला आहे. गेल्या महिन्यापासून ती मला आई म्हणते.