दुसऱ्या प्रतीची खोली

एकाहत्तर सालच्या उन्हाळ्यात मला श्रीगोंद्याबाहेरच्या एका ऊस संशोधन मळ्यावर नोकरी लागली. मी कोकणातला, वय चोवीस, इथं ओळखीचं कोणी नाही. काम होतं पुण्यातल्या संगणकाची कार्डं सांभाळायचं. संगणक मी पाहिलेलाही नव्हता.

मळ्यावरच्या प्रत्येक सरीची माहिती पुण्याला जायची. तिथं ती जाड कागदाच्या कार्डांवर भोकं पाडून नोंदत आणि संगणक ती भोकं वाचायचा. आमच्या मोठ्या साहेबांनी पुण्यातला पूर पाहिला होता. कार्डांचा एक संच पुण्यात आणि दुसरा दुसऱ्या गावात राहील, हा त्यांचा नियम. दुसरं गाव म्हणजे मी, एक खोली आणि लाकडी खणांची चार कपाटं.

सुरुवातीला दर महिन्याला सगळाच संच नव्यानं यायचा. एसटीच्या टपावरून अकरा खोकी उतरायची. जुना संच काढून नवा लावायला आठवडा जाई. मग एकदा खोक्यात चिठ्ठी निघाली. कार्डांना भोकं पाडणाऱ्या बाईंनी लिहिली होती. "बहुतेक कार्डं महिनोन्‌महिने तशीच राहतात. यापुढे बदललेली तेवढीच पाठवते. जुनी फेकू नका, महिन्यावार वेगळी ठेवा. चूक निघाली तर मागचं सापडेल."

पुढच्या महिन्यात अकरा खोक्यांच्या जागी एक पुडकं आलं. काम एका सकाळीत उरकलं, आणि उरलेला महिना माझ्यासमोर तसाच पडून राहिला. स्टोव्हवर भात टाकायचा, खणांवरची धूळ पुसायची, एसटीचा आवाज ऐकायचा. ऊस खुरपायला येणारी एक मावशी दुपारी खोलीच्या सावलीला भाकरी खायला बसायची.

"त्या कागदांत काय हाय एवढं?" तिनं एकदा विचारलं.

"उसाची माहिती."

"मंग ऊस हितंच हाय की. बघायचा तर चला."

मी हसलो. त्या आठवड्यात तेवढंच बोलणं झालं असावं.

मी पोचपावतीच्या मागे दोन ओळी लिहू लागलो. विहिरीचं पाणी किती खाली गेलं, कोणत्या कार्डाला कसर लागली. बाई एका ओळीत उत्तर द्यायच्या. "कडुनिंबाचा पाला ठेवा." "इथंही पाणी एकच वेळ येतं." मी पुडकं सोडायचो तेव्हा आधी चिठ्ठी काढायचो, कार्डं नंतर. त्यांचं वय, नाव काही ठाऊक नव्हतं. अक्षर तेवढं ओळखीचं झालं होतं, उजवीकडे झुकलेलं.

बहात्तरला पाऊस आला नाही. मळ्यातला ऊस जागेवर वाळला, मावशी खडी फोडायला दुष्काळी कामावर गेली. बदललेली कार्डं मात्र वाढली, कारण सरीमागून सरी 'नष्ट' म्हणून नोंदवायच्या होत्या. त्या दिवसांत मी धीर करून लिहिलं, "पुण्याला येणं झालं तर भेटलेलं चालेल का?"

पुढची चिठ्ठी टंकलेली होती. फक्त कार्डांचे क्रमांक. त्याच्या पुढचीही तशीच. मला फार लाज वाटली. मी पोचपावतीवर सही सोडून काही लिहीनासा झालो.

मग निरोप आला. पुण्यात गच्चीवरची टाकी फुटून कार्डांच्या कपाटात पाणी शिरलं होतं. कार्डं फुगून निकामी झाली होती. सगळा संच घेऊन या. मी अकरा खोकी बांधली, टपावर चढवू दिली नाहीत, कंडक्टरशी वाद घालून शेवटच्या बाकापाशी रचली आणि पुण्यापर्यंत त्यांना हात लावून बसलो.

तिथल्या यंत्रानं दुपारपर्यंत सगळ्या कार्डांची नक्कल केली. एकही कार्ड कमी निघालं नाही. साहेबांनी चहा मागवला. मी जमेल तितक्या सहजपणे बाईंची चौकशी केली.

"त्या? त्यांचं लग्न झालं. नागपूरला गेल्या, चार महिने झाले."

मी मनात महिने मोजले. माझी चिठ्ठी त्या जाण्याआधी पोचली की नंतर, ते काही जुळेना. ती कोणी उघडली, हे विचारायचं धाडस झालं नाही.

साहेबांनी मग मला नवं यंत्र दाखवलं. चकत्यांची चळत, वर पारदर्शक झाकण. "सगळा मळा या तबकडीवर मावतो. रोज दुसरीवर नक्कल होईल."

"दुसरी कुठं राहणार?"

"शेजारच्या कपाटात."

"साहेब, पाणी शेजारच्या कपाटातही शिरतं."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "खरंय. पण तुमच्या मळ्यावर हे वाचायचं यंत्र नाही. आणि धूळ फार."

अखेर दुसरी तबकडी पुण्यातच पण वेगळ्या इमारतीत ठेवायचं ठरलं. तिथं माणसाची गरज नव्हती. माझी कार्डं वर्षभर राहू द्यावीत, असं ते म्हणाले. मी खोकी घेऊन संध्याकाळच्या एसटीनं परतलो. वर्षानंतर माझी बदली कर्जतला झाली. तिथल्या कचेरीत आम्ही सहाजण होतो. पहिले काही दिवस कोणी हाक मारली की मी दचकायचो.