नवी म्हणून विकलेली डिस्क

चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली गावात आमचा फोटो स्टुडिओ होता. अब्बांनी तो रोलच्या कॅमेऱ्यावर उभा केला, मी डिजिटल कॅमेरा आणला आणि पाठोपाठ लॅपटॉप. गावात तेव्हा लॅपटॉप म्हणजे बघण्याची चीज होती. पासपोर्ट फोटो काढायला आलेली माणसं स्वतःच्या फोटोपेक्षा त्याच्याकडेच जास्त बघायची.

दोन हजार सहा-सात सालची गोष्ट असेल. लग्नसराई संपत आली होती. मे महिन्यातल्या एका सकाळी लॅपटॉप चालू केला, तर काळ्या पडद्यावर इंग्रजीची एक पांढरी ओळ उमटली आणि तिथेच थांबली. बंद केला, चालू केला, बॅटरी काढून परत लावली. तीच ओळ. आत त्या हंगामातली सगळी लग्नं होती आणि त्यातल्या सात घरचे अल्बम द्यायचे बाकी होते. सीडीवर उतरवायचं काम मी उद्यावर ढकलत आलो होतो. ती चूक माझी. तेवढी मी कधी नाकारली नाही.

दुसऱ्या दिवशी मूल गावावरून चंद्रपूरला गेलो. ऊन असं की एसटीच्या खिडकीच्या दांडीला हात लावता येत नव्हता. कॉम्प्युटरचं दुकान मात्र काचेच्या दाराचं, आत थंडगार. मालकाने लॅपटॉप उघडला, दोन बटणं दाबली आणि खुर्चीवर न बसताच म्हणाला, "डिस्क मेली, भाऊ."

"अन आतले फोटो?"

"ते आता इसरा. मुंबईले पाठवा लागते. पंधरा हजार घेतेत, अन निघतीलच याची गॅरंटी नाई."

एका लग्नाचे मी अडीच हजार घेत होतो, अल्बम धरून. पंधरा हजार म्हणजे सहा लग्नं.

"नवी डिस्क टाकून देतो," तो म्हणाला. "चार हजार आठशे, अन लावायचे चारशे. पक्की पावती पायजे असंन त टॅक्स वेगळा."

मी कच्च्या पावतीवर हो म्हणालो. डॉक्टरसमोर रोगी मान हलवतो तशी मान हलवली आणि तीन दिवसांनी पाच हजार दोनशे मोजून लॅपटॉप घरी आणला.

अब्बांनी तो उलटा करून बघितला आणि विचारलं, "पुराना पुर्जा किधर है?"

"तो कचऱ्यात गेला, अब्बा. मेलेला होता."

"तुमने देखा, मरा हुआ?"

मी चिडलो. हा काही तुमचा कॅमेरा नाही, म्हणालो. अब्बांचा नियम होता, कॅमेरा दुरुस्तीला दिला की निकामी झालेली स्प्रिंगसुद्धा परत मागून घ्यायची. नागपूरचे कारागीर त्यांना हसायचे. त्या दिवशी मीही हसलो.

त्याच आठवड्यात नदीकडच्या एका गावातली बाई स्टुडिओत आली. तिच्या मुलीच्या लग्नाचे फोटो मीच काढले होते. लग्नानंतर दहाव्या दिवशी या बाईचा नवरा शेतातून आला, डोकं दुखते म्हणून निजला तो उठलाच नाही. उष्माघात झाला होता. ती बाकावर बसली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "मले अल्बम नाई पायजे, भाऊ. सवडीनं द्या. त्याईचा एक फोटो तेवढा काढून द्या. घरी एकबी नाई. वोटिंगच्या कार्डावर हाये, पन त्यात वळखूच येत नाई."

मशीन बिघडलं होतं, फोटो गेले, हे तिला कसं सांगितलं ते आता शब्दाने आठवत नाही. तिचं उत्तर आठवतं. "कुठी गेले?" तिने विचारलं. खरंच विचारलं, जसं एखादी वस्तू कुठे ठेवली ते विचारावं. शेवटी ती उठली आणि "पाहा जी, भेटला त," म्हणून निघून गेली.

मी गडचिरोलीच्या एका फोटोग्राफर मित्राला फोन लावला. तो म्हणाला, "डिस्क टाकून काऊन देली तू? पह्यले ते परत आन. मी एक सीडी पाठवतो, मिटवलेले फोटो शोधून काढते." सीडी एसटीने आली. जुनी डिस्क मागायला जाण्याआधी हे प्रकरण चालवायचं कसं ते शिकावं, म्हणून मी ती सीडी त्या नव्या डिस्कवरच चालवून बघितली. नव्या डिस्कवर काही सापडणार नव्हतंच.

फोटो येऊ लागले. पाच, पन्नास, तीनशे. एका मुलीचा वाढदिवस. धानाच्या चिखलभरल्या बांधीत पँट वर करून उभा असलेला चष्मेवाला माणूस. खाटेवर बसलेली म्हातारी, तिच्या मांडीवर तान्हं बाळ. एका शाळेचं स्नेहसंमेलन, मागे कापडी फलक, त्यावर सिंदेवाही हे गावाचं नाव लिहिलेलं.

आधी मला काही कळेना. आणि कळलं तेव्हा कानशिलं तापली. चार हजार आठशेला मला नवी म्हणून दिलेली डिस्क कोणाच्या तरी घरातली होती. आणि मग त्याच्या पुढचं लक्षात आलं. माझी डिस्कही अशीच कोणाला तरी नवी म्हणून विकली जाणार होती, सात नवरा-नवरींसकट.

पहिल्या गाडीने चंद्रपूर गाठलं. दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं होती. मी लॅपटॉप काउंटरवर उघडा ठेवला, पडद्यावर ती खाटेवरची म्हातारी.

"हे म्हातारी कोनाची?" मी विचारलं. "नव्या डिस्कसोबत फुकट भेटली का?"

मालक हसला. "गलतीनं लागली असंन, भाऊ. काऊन ओरडून राह्यले? बसा, चहा सांगतो."

"चहा नको. माझी डिस्क काढा."

"ते त भंगारात गेली."

"कोनत्या भंगारात? चला, मी येतो."

त्याची नजर काउंटरमागच्या खणाकडे गेली. मी काउंटरला वळसा घालून आत शिरलो. असा मी कुठेच शिरत नाही, पण त्या दिवशी शिरलो. त्याने हात धरायच्या आत खण ओढला. आत दहा-अकरा डिस्का होत्या, प्रत्येकीवर कागदाची चिठ्ठी. एका चिठ्ठीवर 'सावली' लिहिलेलं.

"लाव इथंच," मी म्हणालो. अहो-जाहो कधी सुटलं, कळलंही नाही. "सगळ्याईच्या समोर लाव."

सगळे बघत होते. त्याने डिस्क एका छोट्या डबीत घातली, डबीची वायर दुकानातल्या कॉम्प्युटरला जोडली. दोन मिनिटंही लागली नाहीत. माझीच फोल्डरं, मीच नाव दिलेली, एकाखाली एक उघडली. मेलेली डिस्क! तिला काहीही झालं नव्हतं. आतली विंडोज बिघडली होती, ती पुन्हा टाकायला त्याच दुकानात तीनशे रुपये घेत. तसा दरफलकच भिंतीवर होता, त्याच्या डोक्याच्या मागे.

एक गिऱ्हाईक मला म्हणालं, "जाऊ द्या ना भाऊ. भेटली ना तुमची डिस्क." मालकाचा आला नसेल इतका राग मला त्या माणसाचा आला. माझी भेटली. बाकीच्या दहांचं काय?

पैसे परत मागितले तर मालक म्हणाला, "नवी डिस्क तुमच्यापाशीच हाये ना?" नवी! शेवटी दोन हजार त्याने काउंटरवर टाकले, भीक घातल्यासारखे. पुढे एका वकिलाला विचारलं, तर त्यांनी कच्ची पावती उलटसुलट बघितली आणि परत दिली. यावर दुकानाचं नावसुद्धा नाही, म्हणाले.

त्या बाईच्या नवऱ्याचे तीनच फोटो निघाले. मुलीचा बाप लग्नात फोटोला उभा राहतो कुठे? दोन फोटोंत पाठ दिसत होती. तिसऱ्यात तो पंगतीत भात वाढता वाढता कोणाच्या तरी बोलण्यावर हसत होता. अब्बांनी तेवढाच भाग मोठा करून फ्रेममध्ये बसवला आणि त्या बाईला निरोप पाठवला. तिने फ्रेम हातात धरली, बराच वेळ बघितली. "हे त हासून राह्यले," ती म्हणाली. मग पदराने काच पुसत, "बरं झालं."

सिंदेवाहीला मी त्यानंतर गेलो. शाळेजवळच्या वह्यापुस्तकांच्या दुकानात चष्मेवाल्याचा फोटो दाखवला, दुकानदाराने घर सांगितलं. ते शिक्षक निघाले. खाटेवरची म्हातारी त्यांची आई, तीन महिन्यांपूर्वी वारलेली. मी फोटो दाखवले. त्यांच्या बायकोने तोंडावर हात ठेवला. शिक्षक मात्र रडले नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "तुमच्याकडून किती घेतले?"

"पाच हजार दोनशे."

"माझ्याकडूनही तेवढेच. नवी डिस्क टाकली म्हणे."

त्यांनी आपला लॅपटॉप आणून टेबलावर ठेवला. मी पिशवीतून मित्राची सीडी काढली.

त्यांच्या नव्या डिस्कमधून तेलुगूत टाइप केलेली पत्रं निघाली. अंगणात पसरलेले लाल मिरचीचे ढीग निघाले, आणि एका कौलारू घरासमोर ओळीने उभी असलेली नऊ माणसं. आंध्रच्या सीमेवरच्या सिरोंच्याकडची असावीत, शिक्षक म्हणाले. पत्रं आम्हा दोघांनाही वाचता येत नव्हती.

शिक्षकांना मी त्यांची डिस्क परत दिली. पुढे आम्ही दोघं मिळून त्या दुकानात गेलो, तेव्हा खणाला कुलूप होतं आणि मालक आम्हाला ओळखायला तयार नव्हता. दुकान चालूच राहिलं. काही वर्षांनी तर वर दुसरा मजला चढला.

मिरचीवाल्यांचे फोटो आणि पत्रं मी एका सीडीवर उतरवली आणि सिरोंच्याला जाणाऱ्या गाडीच्या कंडक्टरकडे दिली. तिथल्या कोणत्याही फोटोवाल्याला द्या, तो माणसं ओळखेल, असं सांगितलं. कंडक्टरने सीडी खिशात ठेवली. ती पोचली की नाही, आजवर कळलं नाही.