श्वासाच्या मापाचं चिलखत

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. बॅगांच्या कारखान्यात ते कटिंग मास्तर होते. अख्खं चामडं टेबलावर पसरलं की नुसत्या नजरेनं सांगायचे, यातून किती बॅगा निघतील. असा माणूस निवृत्त झाल्यावर काय करणार? वर्तमानपत्र वाचणार, फिरायला जाणार, सुनेच्या स्वयंपाकघरात लुडबुड करणार. पहिल्या दोन गोष्टींचा मास्तरांना आठवड्यात कंटाळा आला. तिसरी मात्र त्यांनी मनावर घेतली, कारण गल्लीतल्या नाटकमंडळींना ऐतिहासिक नाटकासाठी चिलखतं हवी होती, आणि चामडं कडक करायला घरातलं सगळ्यात मोठं पातेलं लागत होतं. सुनेनं ते पातेलं एकदा हुंगून पाहिलं आणि कायमचं सासऱ्यांच्या नावावर करून टाकलं.

मंडळींची आधीची चिलखतं पुठ्ठ्याची होती, चंदेरी रंग फासलेली. त्यावर तलवार बसली की जिन्यावरून खोका पडल्यासारखा आवाज यायचा. मास्तरांना ते सहन होईना. त्यांनी रीत बसवली ती अशी: झाडाच्या सालीत कमावलेलं जाड चामडं घ्यायचं आणि बुडबुडे थांबेपर्यंत गार पाण्यात भिजवायचं. मग गरम पाण्यात. पाणी हात बुडवता येणार नाही इतकं तापलेलं हवं, पण उकळता कामा नये. उकळलं तर चामडं वेडंवाकडं आक्रसतं आणि वाळल्यावर बिस्किटासारखं मोडतं. रंग काळवंडला की लगेच बाहेर काढायचं, अंगाला सोसेल इतकं निवू द्यायचं आणि जी थोडी मिनिटं ते ऐकतं तेवढ्यात आकार द्यायचा. त्यानंतर ते कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

"पी हळद नि हो गोरी, असं इथे चालत नाही," मास्तर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, कुणी विचारलेलं नसलं तरी.

मास्तरांची बायको तालमींना जायची ती टाचण्या धरायला. गल्ली तिला मास्तरीणबाई म्हणे. कोपऱ्यात बसून बसून तिला सगळं नाटक तोंडपाठ झालं होतं. नाटकातली म्हातारी सेनापती करणारी बाई गाव सोडून गेली तेव्हा दिग्दर्शकानं डोकं धरलं. तेवढ्यात कोपऱ्यातून, अगदी हळू, पुढचं वाक्य ऐकू आलं. तो वळून म्हणाला, "तुम्हीच करा." मास्तरीणबाई नको नको म्हणत घरी आल्या आणि आरशासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या.

त्यांचं चिलखत पोत्यात भुसा भरून त्यावर घडवायचं असं मास्तरांच्या मनात होतं. बाई म्हणाल्या, "पोतं कशाला? मी आहे ना." अंगात दोन स्वेटर, वरून रेनकोट अशा थाटात त्या स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या. मास्तरांनी निवत आलेलं चामडं छातीपोटावर दाबून बसवलं आणि झकास आकार आला.

तालमीत मात्र घोटाळा झाला. सगळं नाटक बाईंच्या एका भाषणावर उभं होतं, पळणाऱ्या सैनिकांना थांबवण्याच्या. अर्ध्या वाक्यातच त्यांना धाप लागली. चिलखत पोटात रुतत होतं. बाजूच्या दोऱ्या सैल केल्या तर खालची कड टोचायला लागली. दिग्दर्शकानं स्पंजचं चिलखत आणायचं ठरवलं.

घरी येऊन बाई म्हणाल्या, "स्पंज घालून मी सेनापती दिसेन की गादी? राहू दे. माझं काम टाचण्या धरायचं. त्यांना सांगा, दुसरी कुणी बघा."

मास्तरांना वाईट वाटलं, पण त्याहून जास्त त्यांचा अपमान झाला होता. चामडं आक्रसणार हे धरूनच त्यांनी कापलं होतं. त्याच चामड्याची एक पट्टी नमुना म्हणून काढली होती, तीही बरोबर तेवढीच आक्रसली होती. मग चुकलं कुठे? त्यांनी टेप आणली आणि बायकोच्या कमरेभोवती धरली. बाई गप्प उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा हळूहळू लाल होत होता.

"अगं, श्वास घे की."

त्यांनी श्वास सोडला आणि टेप मास्तरांच्या बोटांतून सरकली.

"त्या दिवशीही असंच केलंस?"

"मुद्दाम नाही हो," बाई पुटपुटल्या. "तुम्ही जवळ आलात की पोट आपोआप आत जातं."

लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर हे ऐकून मास्तर टेप गुंडाळू लागले. रागवावं तर हसू येत होतं. आणि खरं सांगायचं तर ते मनातून सुखावलेही होते.

चामडं आता चिलखताच्या छातीपोटावरच्या एकाच तुकड्यापुरतं उरलं होतं. हे बिघडलं तर बाई नाटकात नव्हत्या. या वेळी मास्तरांनी ते भिजवलं, तापवलं, बाहेर काढून स्वतःच्या गालाला लावून पाहिलं, पुन्हा स्वेटर-रेनकोट चढवलेल्या बाईंच्या अंगावर बसवलं आणि म्हणाले, "आता पोट आत घ्यायला सवडच द्यायची नाही. भाषण म्हण. पूर्ण."

बाईंनी सुरुवात केली, नेहमीच्या हळू आवाजात.

"मोठ्यानं."

"शेजारी ऐकतील."

"ऐकू देत."

बाईंनी छाती भरून श्वास घेतला. "पळताय? पळा. पण जाताना माझ्याकडे बघून जा. या वयात मला धावता येत नाही, म्हणून मी इथेच उभी राहणार आहे!"

मास्तरांच्या तळव्यांखाली चामडं वर आलं. दोन्ही हात बरगड्यांवर दाबून ते ऐकत राहिले. हा आवाज त्यांच्या ओळखीचा नव्हता. कारखान्यात वर्षानुवर्षं त्यांची रात्रपाळी होती आणि ते दिवसा झोपायचे. म्हणून या घरात भांडं वाजलं नाही, रेडिओ लागला नाही, पोरं रडली तर त्यांना मागच्या दारी नेलं गेलं. बाईंचा आवाज तेव्हा खाली गेला तो खालीच राहिला. आपण तिचा स्वभावच मऊ आहे असं समजत होतो, हे मास्तरांच्या आता ध्यानात आलं आणि त्यांना फार लाज वाटली. पण तो आवाज भांड्यांच्या फळीपर्यंत घुमत होता, आणि लाजेपेक्षा आनंद मोठा होता.

भाषण संपलं. बाहेर रस्त्यावर कुणीतरी थांबून खिडकीकडे बघत होतं.

"दिग्दर्शकाला सांगा, उद्या मी येतेय," बाई म्हणाल्या. त्यांना जराही धाप लागली नव्हती. "झालं का हो कडक?"

चामडं केव्हाच घट्ट बसलं होतं. सूतभर चुकीसाठी आयुष्यभर कामगारांच्या अंगावर ओरडलेले मास्तर हात न काढता म्हणाले, "छे, अजून मऊ आहे. परत म्हण."

बाईंनी चिलखतावर टिचकी मारली. ते टक्क वाजलं. त्यांनी नवऱ्याकडे एकदा नीट पाहिलं, श्वास भरला आणि पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली.