भाड्याच्या इंजिनावरचा कॉस्मस

कांजूर गावठाणातला कॉस्मस किणी मार्तंडरावांच्या कंपनीत ड्रायव्हर होता. कंपनी म्हणजे दोन जुनी वाफेची इंजिनं आणि एक पत्र्याची शेड. ज्या कारखान्यांत रेल्वेचा फाटा आत गेलेला असे पण स्वतःचं इंजिन नसे, त्यांना मार्तंडराव इंजिन भाड्यानं देत, ड्रायव्हर आणि फायरमनसकट. कॉस्मस बंदरात नऊ वर्षं फायरमन म्हणून इंजिनाच्या भट्टीत कोळसा मारून ड्रायव्हर झालेला. बोलणं कमी, पण इंजिनाच्या आवाजात जरा फरक पडला की हातातला घास हातातच धरून ऐकत बसायचा.

अडुसष्ट सालच्या मार्चमध्ये त्याचं इंजिन विक्रोळीच्या एका रंगाच्या कारखान्यात लागलं होतं. बॉयलरमध्ये पाणी ढकलायला त्याला दोन इंजेक्टर होते, त्यातला एक महिनाभर बंद. कॉस्मसनं दोनदा सांगितलं. दुसरा चालतोय ना, मग पुढे बघू, असं मार्तंडराव म्हणाले.

या कारखान्यात इंजिन मालाच्या शेडच्या दारापर्यंतच न्यायचं, असं कॉस्मसनं ठरवून टाकलं होतं, कारण आत फलाटावर चटकन पेटणाऱ्या थिनरचे ड्रम रचलेले असत. त्या दिवशी स्टोअरकीपर राजाराम घाईत होता. तिन्ही वॅगन पार टोकाला लावून दे म्हणून मागेच लागला. कॉस्मस आधी नको म्हणाला, मग ऐकलं. ही चूक त्यानं पुढे कधी दुसऱ्यावर ढकलली नाही.

वॅगन लागल्या आणि त्याचं लक्ष बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचेकडे गेलं. पाणी तळाला टेकलं होतं. त्यानं इंजेक्टर सुरू केला. नुसती वाफ फुसफुसली, पाणी आत जाईना. तो थंड व्हावा म्हणून ओलं फडकं गुंडाळून पुन्हा सुरू केला. तोवर काच रिकामी झाली.

भट्टीवरचं छत कोरडं पडलं की बॉयलर फुटणार. हातात चार-पाच मिनिटं होती, आणि उपाय एकच, भट्टीतला जाळ ओढून खाली पाडायचा. पण ड्रमांपासून चार हातांवर पेटते निखारे पाडायचे कसे? इंजिन बाहेर काढावं, तर जेवणाची सुट्टी झालेली. शेडच्या सावलीत, रुळांवरच, कामगार डबे उघडून बसले होते.

"खंडू, वॅगनची कडी सोड आणि पळ," तो फायरमनला म्हणाला. "रुळावरची माणसं उठव. परत येऊ नको."

खंडू हलेना. "आणि तू?"

"मी हिला खाडीकडे नेतो. जा रे."

खंडूनं कडी काढली आणि ओरडत धावला. कॉस्मसनं इंजिन हळूहळू मागे घेतलं. शिट्टी वाजवली नाही. शिट्टीला वाफ लागते, आणि वाफ म्हणजे पाणीच. मागे वळून पाहतो तर माणसं उठली होती, एक म्हातारा हमाल मात्र पायाला मुंग्या आल्यामुळे तसाच बसलेला. कॉस्मसनं ब्रेक दाबला. थांबलेलं ते अर्धं मिनिट त्याला फार लांब वाटलं. खंडूनं म्हाताऱ्याला काखेत धरून ओढलं, तेव्हा कुठे इंजिन पुन्हा हललं.

तिवरांजवळ, जिथे रूळ चिखलात संपत होते, तिथे त्यानं भट्टीचं दार उघडलं आणि लांब आकड्यानं जाळ ओढायला लागला. कोपरापर्यंत हात भाजले. मध्येच बाजूला फावडं वाजलं. नको म्हटलं असतानाही खंडू आला होता. दोघांनी मिळून भट्टी रिकामी केली आणि लांब जाऊन मातीत बसले. इंजिन बराच वेळ कडकड आवाज करत होतं, पण फुटलं नाही.

संध्याकाळी मार्तंडराव आले. आधी त्यांनी बॅटरी घेऊन भट्टी पाहिली, मग कॉस्मसचे हात. उद्या दुसरा ड्रायव्हर पाठवतो, असं म्हणाले.

"पाठवा," कॉस्मस म्हणाला. "पण दोन्ही इंजेक्टर नवे बसेपर्यंत जो येईल त्याला मी सगळं सांगणार."

अकरा दिवस तो हाताला पट्ट्या बांधून कारखान्याच्या फाटकाशी बसला. नोकरी जाणार, हे धरूनच बसला होता. तीन ड्रायव्हर आले, त्याचं ऐकून परत गेले. बाराव्या दिवशी मार्तंडराव फिटरला घेऊन आले, नवे इंजेक्टर बसवून घेतले आणि इंजिन पुन्हा कॉस्मसच्या ताब्यात दिलं.

पुढे डिझेल इंजिनं येईपर्यंत, आणखी आठ वर्षं, तो त्याच कंपनीत राहिला. दोघांचं बोलणं मात्र कामापुरतंच उरलं. ख्रिसमसला कॉस्मसची बायको आयडा मार्तंडरावांच्या घरी फराळाचा डबा पाठवायची, तोही तिनं त्या वर्षापासून बंद केला.